चालकाचे नाव

“गाडी कोण चालवत होतं?”

हा एकच प्रश्न विचारून मी एकतीस वर्षं पोट भरलं. मी शालन इंगवले, कराडची. विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासणारी सर्व्हेअर होते. ट्रक दरीत गेला की पदर खोचून मीही दरीत. आमच्या धंद्यात तेव्हा बायका नव्हत्याच, त्यामुळे लोक मला ड्रायव्हरची बायको समजून आधी पाणी द्यायचे आणि धीर द्यायचे. मग मी वही काढली की त्यांचे चेहरे पडायचे.

सगळी लबाडी बहुतेक वेळा एकाच रकान्यात असायची. चालकाचे नाव. गाडी चालवलेली असायची लायसन नसलेल्या पुतण्याने आणि फॉर्मवर नाव काकाचं. मी वाद घालायचे नाही, ड्रायव्हरची सीट बघायचे. काका पाच फुटांचे आणि सीट मात्र पार मागे सरकवलेली. “काका, बसा बघू जरा आत,” म्हणायचे. काकांचे पाय ब्रेकपर्यंत पोचायचे नाहीत आणि मग हळूहळू सगळं बाहेर यायचं. या युक्तीचा मला फार तोरा होता. निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणातसुद्धा तीच सांगितली.

निवृत्तीच्या पैशातून मी बॅटरीवरची गाडी घेतली. तोवर कायदा बदलला होता आणि आपली खासगी गाडी ॲपवरून दुसऱ्याला तासांवर द्यायची मुभा मिळाली होती. माझी गाडी आठवड्यातले चार दिवस दारात नुसती उभी असायची. म्हटलं, चार लोकांच्या कामी आली तर काय वाईट.

यातली एक गोष्ट लोकांना कळत नाही, ती आधी सांगते. बुकिंग सुरू झालं की माझा वर्षाचा विमा झोपतो. त्याच क्षणी त्या फेरीपुरता दुसरा विमा जागा होतो, आणि तो असतो गाडी घेणाऱ्याच्या नावावर. त्याला ॲपवर तीन पर्याय दिसतात. साध्या कवचात फक्त समोरच्याचं नुकसान भरून मिळतं. मधल्या कवचात आपल्या गाडीचंही येतं, पण नुकसानीचा पहिला वाटा घेणाऱ्याने सोसायचा. पूर्ण कवच घेतलं की त्याच्या डोक्याला ताप नाही. फेरी संपली की तो विमा झोपतो आणि माझा उठतो. पण दोघांच्या मध्ये एक फट आहे. बुकिंग चालू असताना मालक स्वतःच स्टिअरिंगवर बसला, तर त्याला दोघांपैकी एकही विमा ओळख दाखवत नाही. ही अट मी गल्लीतल्या चौघांना तोंडपाठ म्हणून दाखवलेली आहे.

आणि या फेरीच्या विम्याचा दर माणूस ठरवत नाही, स्टिअरिंग ठरवतं. गाडी वळवताना स्टिअरिंगच्या दांड्याला किंचित पीळ बसतो. तो मोजणारा सेन्सर गाड्यांमध्ये फार पूर्वीपासून आहे, त्याशिवाय स्टिअरिंग वळवायला मदत करणाऱ्या मोटरला कळणार कसं की किती जोर लावायचा. सेकंदाला शेकडो वेळा तो पीळ मोजला जातो. कुणा हुशार माणसाने त्या आकड्यांमध्ये हात शोधला. आपल्याला वाटतं आपण गाडी सरळ धरलीय. खरं तर हात सारखा बारीक चुका करतो आणि लगेच सावरतो. चूक आणि सावरणं यांच्यामध्ये जो वेळ जातो, तो ज्याचा त्याचा वेगळा. तो वाढायला लागला की अपघाताची शक्यताही वाढते, आणि दर चढतो. सरळ रस्त्यावर हल्ली गाडी आपली आपण पट्ट्यात राहते, हाताला काही कामच नसतं. त्यामुळे हाताची खरी नोंद होते ती वळणांवर.

मला हे प्रकरण भारी आवडलं होतं. माझा स्वतःचा वर्षाचा विमा मात्र मी जुन्या पद्धतीचाच ठेवला होता, स्टिअरिंगला न विचारता ठरणारा. इतकी वर्षं घाट तुडवले, साधा ओरखडा नाही. माझा हात आणि कुणी मोजायचा?

माझं पक्कं गिऱ्हाईक म्हणजे डॉक्टर सारंग उपळेकर. दातांचे डॉक्टर, पस्तिशीचे, उंच, मान थोडी वाकवून बोलणारे. दर गुरुवारी त्यांना चिपळूणच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात जायचं असायचं, आणि माझी मुलगी ऋतुजा चिपळूणलाच दिलेली. मग मीही बरोबर निघायचे. गाडीवर लक्षही राहायचं आणि नातीचे लाडही व्हायचे. हेळवाकला गाडी चार्जिंगला लावायची, चहा घ्यायचा, पुढचा कुंभार्ली घाट मी उतरवायचा, कारण डॉक्टरांना घाटाची धास्ती. पोफळीला गाडी पुन्हा त्यांच्या ताब्यात. येताना तसंच उलटं. दोन वर्षं आमचं हे असं छान चाललं होतं.

फेरीचा दर मालकालाही दिसतो. जून महिन्यात डॉक्टरांचा दर होता एकशे ऐंशी. दिवाळीत अडीचशे. डिसेंबरात चारशेच्या वर. ना अपघात, ना दंड, ना साधा ओरखडा. बाकी कुणाचा दर वाढलेला नव्हता. माझ्यातली सर्व्हेअर कान टवकारून बसली. मी कोल्हापूरला शौकत मुजावरला फोन लावला. तो माझ्या हाताखाली शिकला आणि आता या फेरीचा विमा देणाऱ्या कंपनीत साहेब झालाय.

“मॅडम, असा अपघाताशिवाय दर चढला की आमच्यात म्हणतात, हात उतरला,” तो म्हणाला.

“म्हणजे आजार?”

“ते मला बोलता येत नाही. कायद्याने बंदी आहे. आणि यंत्रालाही आजाराचं नाव माहीत नसतं. त्याला एवढंच माहीत, की असे बदललेले हात पुढे महागात पडतात.” मग तो म्हणाला, “कोण आहे ते विचारत नाही. पण ओळखीचा असेल तर मेंदूच्या डॉक्टरकडे जायला सांगा.”

फोन ठेवला आणि मी हबकले. दातांचा डॉक्टर आणि त्याचा हात उतरला? पुढच्या मंगळवारी याच माणसाकडून माझ्या दाढेवर कॅप बसवून घ्यायची होती. मी पाहुणे आलेत म्हणून कळवलं आणि डाव्या बाजूने चावत बसले.

पुढचे दोन गुरुवार मी नुसती पाळत ठेवली. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही सवय धंद्यातच लागलेली. डॉक्टरांनी चहाचा पेला उचलला की माझे डोळे त्यांच्या बोटांवर. बशीत थेंब सांडत नव्हता. एकदा तर मी पिशवीतून सुईदोरा काढला. “मला मेलं दिसत नाही, जरा ओवून द्या,” म्हटलं. त्यांनी एका झटक्यात ओवून दिला. मला उलट जास्तच काळजी वाटली. म्हटलं, सुरुवातीला असंच असणार, वरून काही कळत नसणार. पोराचं अजून लग्न व्हायचंय, दवाखान्याचं कर्ज आहे आणि सगळं या दोन हातांवर. सांगावं तर कुठल्या तोंडाने, आणि न सांगावं तर रोज दहा लोकांच्या तोंडात हेच हात जाणार. चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

शेवटी हेळवाकला चहा पिता पिता सांगून टाकलं. दर, हात, शौकत, सगळं.

डॉक्टर आधी हसले. मग हसायचे थांबले. “काकू, म्हणून तुम्ही कॅप बसवायला येत नाही होय?”

मी मान खाली घातली.

“मला काहीही झालेलं नाही. ते यंत्र चुकतंय,” ते म्हणाले आणि पुढे चिपळूणपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

पण यंत्राचं बोलणं थांबलं नव्हतं. डॉक्टरांचा व्यवसायाचा विमाही त्याच कंपनीत होता, उद्या उपचारात चूक झाली तर रुग्णाला भरपाई देणारा. त्याच्या नूतनीकरणाची वेळ आली आणि पत्र आलं, की हाताच्या नोंदीबद्दल खुलासा होईपर्यंत विमा थांबवण्यात येत आहे. विमा नसेल तर चिपळूणचा ट्रस्ट त्यांना पाऊल ठेवू देणार नव्हता. कराडातही ते चोरून किती दिवस काम करणार? दुसऱ्या कंपनीत जावं तर हाताची नोंद सगळ्या कंपन्यांना एकच दिसते. डॉक्टर पुण्याला गेले, तीन दिवस राहिले, मेंदूच्या सगळ्या तपासण्या केल्या. सगळं स्वच्छ निघालं. कंपनीने कळवलं, तपासणी मिळाली, पण स्टिअरिंगवरची नोंद तर आहेच, तिचं काय?

मग त्यांनी हक्काने आपल्या फेऱ्यांची पूर्ण नोंद मागवली आणि पन्नास पानांचं ते बाड घेऊन दुपारी माझ्याकडे आले.

“काकू, हे कागद तुम्हालाच वाचता येतात. तुमचा राग नाही. पण मला यातून सोडवा.”

मी चष्मा लावला. खरं सांगते, मला हुरूप आला होता. कित्येक वर्षांनी कुणी माझ्यापुढे फाइल ठेवली होती. वेळ, ठिकाण, वेग, स्टिअरिंगचा पीळ, आरसा, सीट. मी बोट फिरवत गेले. कराड ते हेळवाक हाताची नोंद जवळजवळ कोरी, रस्ता सरळ. पोफळी ते चिपळूण, तेच. नोंद होती ती घाटातलीच. चाळीस-पन्नास फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत तेच. आणि मग मला सीटचा रकाना दिसला.

“सापडलं,” मी म्हटलं. “हे बघा डॉक्टर. दर वेळी हेळवाकला सीट चार इंच पुढे सरकलीय, आरसा खाली आलाय. पोफळीला परत मागे. इथे चालक बदललाय. आणि हा नवा चालक चांगलाच बुटका आहे.”

बोलून गेले आणि मान वर केली. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. माझ्या पायांकडे नाही, चेहऱ्याकडे. त्यांच्याही तेव्हाच ध्यानात आलं असावं.

मला कुणी विचारलं असतं, बुकिंगमध्ये तू गाडी चालवतेस का, तर मी शपथेवर नाही म्हटलं असतं. ते माझ्या लेखी चालवणं नव्हतंच. घाबरलेल्या पोराला घाट उतरवून देणं होतं. ॲपवर ‘चालक बदल’ असं बटण आहे. ते दाबायचं माझ्या मनातही आलं नाही, जसं त्या काकांच्या मनात कधी आलं नसेल की आपण लबाडी करतोय.

“काकू,” डॉक्टर फार हळू बोलले, “तुमचा हात…”

“चहा ठेवते,” मी म्हटलं आणि आत गेले. आत जाऊन दोन्ही हात ओट्यावर ठेवले आणि बघत राहिले. काही दिसत नव्हतं. मला भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा एवढी भीती वाटली.

डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. “हे कागद मी आणलेच नाहीत असं समजा. मी दुसरं काहीतरी बघतो.”

“दुसरं काय बघणार? दवाखाना विकणार?”

बाड उचलून ते चहा न घेताच निघाले.

शौकतला मी दुसऱ्याच दिवशी खरं सांगितलं. मग त्याने सरकारी आवाजात समजावलं, कारण साध्या आवाजात त्याला ते जमलं नसतं. डॉक्टरांची नोंद पुसायची तर घाटात गाडी कुणी चालवली याचं लेखी निवेदन हवं. ते माझं आलं तर हात माझ्या नावावर चढणार. नव्या नियमाने साठीनंतर लायसन दर वर्षी नवीन करावं लागतं आणि त्याला विमा कंपनीचा दाखला लागतो. असा हात असताना दाखला मिळत नाही.

“म्हणजे गाडी बंद,” मी म्हटलं.

“मॅडम, तुम्ही मला शिकवलंत. मी तुम्हाला काय सांगू?” त्याने फोन ठेवला.

ऋतुजाला कळलं तशी ती चिपळूणहून एसटीने धावत आली. “आई, त्यात माझं नाव टाक,” ती म्हणाली. “मीही उंचीने तुझ्याएवढीच आहे, सीट जुळेल. मला कुठे गाडी चालवायचीय? मला काही फरक पडत नाही.”

तिने हे इतकं सरळ म्हटलं, की मला ते सगळे काका आठवले. पुतण्यासाठी सही करणारे, माझ्यापुढे मान खाली घालून बसणारे. मी त्यांना चोर समजत आले. त्यातल्या किती जणांनी नुसत्या मायेपोटी सही केली असेल? पण मग ऋतुजाच्या नावावर माझा हात चढला असता आणि पस्तिसाव्या वर्षी तिला सगळीकडे तोच प्रश्न विचारला गेला असता. “तुझं नाव चांगलं आहे, ते चांगलंच राहू दे,” मी म्हटलं. ती माझ्या मांडीत डोकं घालून रडली. मीही रडले. मग दोघींनी जेवून घेतलं.

आधी तपासणी केली. मेंदूच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी हात बघायच्या आधी विचारलं, “वास येतो का नीट?” मला आठवलं, वर्षभरात दोनदा फोडणी जळली होती आणि शेजारणीने येऊन सांगितलं होतं. “अक्षर बारीक झालंय का?” मी जुनी वही आणि नवी वही शेजारी शेजारी ठेवली. नव्या वहीतलं अक्षर मुंगीएवढं होतं. आणि सुई. सुई मला खरंच ओवता येत नव्हती, मी उगाच डोळ्यांना बोल लावत होते.

“कंपवाताची सुरुवात आहे,” बाई म्हणाल्या. “एरवी हे आम्हाला अजून पाच-सहा वर्षांनी कळलं असतं. इतक्या लवकर आलात तर आजार रोखून धरणारं औषध आता आहे. तुम्हाला कळलं कसं?”

“माझ्या गाडीने सांगितलं,” मी म्हटलं. “फक्त मी ते दुसऱ्याचंच समजत होते.”

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, म्हणतात ते काही खोटं नाही.

औषध सुरू झालं. पण फॉर्म मी आठ दिवस भरला नाही. हे लपवत नाही. गाडी दारात उभी होती आणि मी रोज सकाळी नुसती आत जाऊन बसत होते. ज्या बाईला सगळ्या तालुक्याने नेहमी दुसऱ्याच्या मागे बसलेलं बघायचं ठरवलं होतं, ती बाई चाळीस वर्षं स्वतः गाडी हाकत हिंडली. नवरा गेला तेव्हा दहाव्या दिवसाचं सामान मीच घेऊन आले होते. एका सहीने ते सगळं जाणार होतं, आणि मला ते द्यायचं नव्हतं. नवव्या दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यावरून भाजी आणायला गेले. बाहेर पाटी होती, काही दिवस बंद. आत ते एकटेच बसून अवजारं पुसत होते. मी भाजी न घेता घरी आले आणि फॉर्म उघडला. चालकाचे नाव या रकान्यात लिहिलं, शालन माधवराव इंगवले. अक्षर मोठं काढायचा प्रयत्न केला.

चौदा दिवसांत डॉक्टरांची नोंद पुसली गेली आणि विमा सुरू झाला. माझा दाखला नाकारला गेला. गाडी ॲपवर राहिली, या अटीवर की बुकिंग चालू असताना मालकिणीने स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

पुढच्या गुरुवारी डॉक्टर सकाळीच दारात हजर. त्यांनी पूर्ण कवच घेतलं होतं. माझ्या दाढेवरची कॅप त्यांनी आदल्याच दिवशी बसवली होती, आणि हात अगदी दगडासारखा स्थिर होता. हेळवाकला चहा झाला. मी सवयीने उजव्या दाराकडे गेले, मग वळून डावीकडे येऊन बसले.

पहिली दोन वळणं त्यांनी घेतली, पण कशी ते त्यांचं त्यांना ठाऊक. “ॲक्सिलरेटरवरून पाय हळू काढा, गाडी आपला वेग आपण कमी करते,” मी सांगत होते. “वळणाच्या आत बघू नका, वळण संपतं तिथे बघा.” तिसऱ्या वळणाला खालून जांभ्याचे चिरे भरलेला ट्रक वर आला. डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. ट्रक गेला तरी ते हलेनात. कपाळ घामाने भिजलेलं. मागे पुढे कुणी नव्हतं.

“काकू,” ते म्हणाले, “एवढा घाट आजच्या दिवस घ्या. मी नाही सांगणार कुणाला. तुम्हीही नका सांगू.”

मला घ्यायचा होता. किती घ्यायचा होता ते शब्दांत सांगता येणार नाही. माझे पाय आपोआप पुढे सरकले होते, उजव्या हाताची बोटं मांडीवर वळली होती, आणि खाली सगळी वळणं मला डोळे मिटूनही दिसत होती. मी दोन्ही हात एकात एक घट्ट धरले. ते सोडायला मला वेळ लागला.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “चालकाचं नाव तुमचं लावलंय. हॉर्न द्या, आणि घ्या गाडी पुढे.”